अ‍ॅल्युमिनाचे ३०५ गिगापास्कल

अनेक आशीर्वाद.

तुझा नॅनोइंडेंटेशनचा, म्हणजे हिऱ्याचं बारीक टोक नमुन्यात दाबून केलेल्या चाचणीचा, मेल वाचला. दाट अ‍ॅल्युमिनाचा मॉड्युलस (दाबाला लवचिकपणे किती विरोध होतो त्याचं माप) ३०५ गिगापास्कल आला, पुस्तकात ३९०च्या पुढे दिलाय, आणि सगळं खापर तू नमुन्यातल्या छिद्रांवर फोडलंस. जरा थांब. हा आकडा रिड्यूस्ड मॉड्युलसचा दिसतोय. लोड दिला की नमुन्याबरोबर टोकाचा हिराही थोडा दबतो, आणि लोड-खोलीच्या वक्रातून निघतो तो दोघांचा मिळून हिशेब. हिऱ्याचे ११४१ गिगापास्कल, त्याचं पॉइसन गुणोत्तर (एका दिशेने दाबलं की आडवं किती फुगतं ते) ०.०७, अ‍ॅल्युमिनाचं ०.२२ धर आणि हिऱ्याचा वाटा काढून टाक. ३०५चे थेट ३९५ होतात. छिद्रं बिचारी निर्दोष!

फ्यूज्ड सिलिकावर, म्हणजे शुद्ध सिलिकाच्या काचेवर, सगळं बरोबर आलं होतं, असं तू लिहिलंयस. येणारच. तिथे खरा मॉड्युलस ७२ आणि रिड्यूस्ड ६९.६, त्यामुळे घोळ झाकला जातो. नमुना जितका ताठ, तितका हिरा नडतो आणि मशीनची फ्रेमही.

खरी डोकेदुखी तड्यांची. ऑलिव्हर आणि फार यांच्या १९९२च्या पद्धतीत ताठरता काढतात ती लोड उतरायला लागतो तिथल्या वक्राच्या चढावरून, कारण तिथे नमुना निव्वळ लवचिकपणे परत येतो असं धरलेलं असतं. बर्कोविच टोकाच्या (तीन बाजूंच्या पिरॅमिडच्या) ठशाची कड उडाली की हे गृहीतकच कोसळतं. लोड वाढताना वक्रात मध्येच आडवी पायरी दिसली, तर तडा गेला असेल किंवा स्फटिकात घसरण सुरू झाली असेल. नुसत्या वक्रावरून ते कळत नाही, ठसा सूक्ष्मदर्शकाखाली बघावाच लागतो. तडे दिसले तर लोड कमी कर. सिलिकॉनवर उतरत्या वक्राला कोपर आलं तर मात्र घाबरू नकोस. दाबाखाली बदललेली रचना लोड काढताना पुन्हा बदलते, इतकंच. फिट माथ्याजवळच्या भागावरच कर.

मशीन रिकामं नसेल तर नूपचा, म्हणजे लांबट चौकटच्या आकाराच्या हिऱ्याच्या टोकाचा, ठसा घे. लांब कर्ण जवळपास तसाच राहतो, आखूड कर्ण लोड काढल्यावर आक्रसतो, आणि त्या आक्रसण्यावरून काठिण्य व मॉड्युलस यांचं गुणोत्तर निघतं. ढोबळ पद्धत आहे, पण पडताळ्याला मला आवडते.

पुढच्या वेळी एक्सेलमधली सरासरी नको. प्रत्येक ठशाचा कच्चा वक्र आणि शेजारी त्याचा फोटो पाठव.