पायलट प्रशिक्षणाचे ४५ लाख एकदम भरावेत का?

कागल तालुक्यातले एक वाचक विचारतात: मुलगा बारावी सायन्स झाला, त्याला पायलट व्हायचंय. एका फ्लाइंग स्कूलने ४५ लाख फी सांगितली आहे, एकरकमी भरल्यास ३ लाख सवलत. उजळाईवाडीजवळचा प्लॉट विकून भरू का?

प्लॉट विकायला माझी हरकत नाही. एकरकमी भरायला आहे.

प्लॉटचे पैसे एफडीत ठेवून दीड वर्षात समान हप्त्यांनी फी भरली, तर साडेसहा टक्के दराने सव्वादोन लाखांच्या आसपास व्याज मिळेल. मग सवलतीतला खरा फायदा उरतो जेमतेम लाखभर. त्या लाखासाठी मुलाला तिथून काढून घ्यायची सोय तुम्ही हातची घालवता. आणि ही सोय त्याच्या जिवाशी जोडलेली आहे. घरचे सगळे पैसे अडकलेत हे माहीत असलेला पोरगा, इंजिनाचा आवाज खटकला तरी ‘आज हे विमान नेत नाही’ म्हणायला कचरतो. ऑक्टोबर २०२३ मध्ये बारामती परिसरात काही दिवसांच्या अंतराने एकाच संस्थेची दोन प्रशिक्षण विमानं कोसळली आणि डीजीसीएने, म्हणजे केंद्राच्या विमान वाहतूक नियामकाने, तिचं प्रशिक्षण थांबवलं. अशा वेळी ज्याची फी आधीच भरलेली असते, तो लटकतो.

डीजीसीए २०२५ पासून या शाळांना श्रेणी देतं. पहिल्या यादीत ए++ किंवा ए+ या वरच्या श्रेणी कुणालाच मिळाल्या नाहीत. तुमच्या शाळेची श्रेणी बघाच, पण तेवढ्यावर थांबू नका. उड्डाणं चालू असताना, न कळवता, दिवसभर जाऊन बसा. हँगरमध्ये विमानं उभी किती आणि उडतात किती ते मोजा. कमर्शियल लायसन्सला २०० तास लागतात. समजा ६० मुलं आहेत, उडणारी विमानं ४, आणि प्रत्येक विमान महिन्याला ८० तास उडतं. १२ हजार तास भागिले ३२०, म्हणजे साडेसदतीस महिने! माहितीपत्रकात दीड वर्ष छापलेलं असलं तरी. वर पावसाळा वेगळाच. शेवटच्या बॅचच्या मुलांना एकट्यात गाठून विचारा: २०० तासांना किती महिने लागले, विमानातला स्नॅग (बिघाड) लिहून दिला तर पुढे काय होतं? हवा बिघडली म्हणून उड्डाण रद्द करणारी शाळा मला जास्त भरवशाची वाटते.

हप्ते उडालेल्या तासांना बांधून घ्या, मध्येच सोडलं तर परतावा किती, तेही करारात लिहून घ्या. याला नाही म्हणणाऱ्या शाळेत मी माझ्या मुलाला घातलं नसतं. प्लॉटचे सगळे पैसे फीतही घालू नका. लायसन्सनंतर टाइप रेटिंगला, म्हणजे ठरावीक प्रकारचं विमान चालवण्याच्या वेगळ्या प्रशिक्षणाला, आणखी पंधरा-वीस लाख लागू शकतात, आणि नोकरी लगेच लागेलच असं नाही.

त्याआधी क्लास टू आणि मग क्लास वन मेडिकल, म्हणजे पायलटसाठीच्या आरोग्य तपासण्या, करून घ्या. डोळ्यांच्या रंगतपासणीत अडकला तर सगळं तिथंच थांबतं. क्लास वनचा कागद हातात येईपर्यंत प्लॉटचा इसार घेऊ नका.