टब बदलायला काढण्याआधी

प्रिय बाळा,

अनेक आशीर्वाद.

टिळकवाडीच्या घरातल्या टबाचे फोटो पाहिले. तळाला तडा आहेच, पण मला काळजी वाटते ती खालच्या खोलीत स्लॅबला आलेल्या ओलीची. त्यामुळे दुकानात जाऊन नवा टब पसंत करायची घाई करू नकोस.

आधी वरच्या बिऱ्हाडाला विचार, टब वापरता का? आपल्या बेळगावात बहुतेक घरी बादली-तांब्यानेच आंघोळ होते आणि टबात कपडे भिजत पडतात. तसं असेल तर टब काढून सरळ न्हाणी करून टाक. घरात गुडघे दुखणारं माणूस असेल तर त्याला तो काठ ओलांडणंही धोक्याचं. लहान मुलांसाठी टब हवाच म्हणाले, तर ॲक्रिलिकचा घे. जिन्याच्या वळणावरून आणि दारातून तो आत जातो का, हे टेपने मोजूनच पैसे दे. ट्रॅपपर्यंत, म्हणजे सांडपाणी जिथून जातं त्या वाकड्या नळीपर्यंत, हात पोहोचेल असं उघडतं झाकणही ठेवून घे.

खरा खर्च कर तो खालच्या जमिनीवर. जुना टब निघाला की कोबा ठोकून बघ. पोकळ वाजला तर उकरायला लाव. वॉटरप्रूफिंग भिंतीवर किमान फूटभर चढलं पाहिजे आणि उतार ट्रॅपकडे, मीटरला साधारण 12 मिलीमीटर. फरशी बसवण्याआधी ट्रॅपचं तोंड बंद करून दोन इंच पाणी भर, भिंतीवर पेन्सिलीने खूण कर आणि 48 तास तसंच राहू दे. गवंडी म्हणेल, "एवढं काय लागत नाही हो." त्याचं ऐकू नकोस. खालच्या खोलीत जाऊन स्लॅबला स्वतः हात लावून बघ.

टब बसवलास तर कडेला सिलिकॉन भरताना तो पाण्याने भरलेला असू दे. वजनाने टब किंचित दबतो, फट उघडते. रिकाम्या टबाला भरलेलं सिलिकॉन पहिल्याच आंघोळीत सुटू लागतं.

पावसाळ्यात हे काम काढू नकोस, इथे जून ते सप्टेंबर भिंती वाळतच नाहीत. दिवाळीनंतर कर, तोवर टब वापरू नका म्हणून सांग. काम चालेल तेवढे दिवस त्यांना खालचं बाथरूम दे.

आणि डिपॉझिटमधून एक रुपयाही कापू नकोस. नेहमीच्या वापराने झालेली झीज 1882 च्या मालमत्ता हस्तांतरण कायद्यानेही भाडेकरूच्या माथी मारलेली नाही.

तुझा,
काका