गेलेल्या लेकराच्या नावाने पैसे मागावेत का?

कॅन्सरने मूल गमावलेले आईवडील संशोधनासाठी निधी जमवू लागले की हा प्रश्न येतोच. बहुतेकदा घरातूनच येतो. साताऱ्याकडच्या एका ताईंना सासूबाई म्हणाल्या होत्या, "लेकराच्या नावानं झोळी पसरतेस व्हय?" (ओळख पटू नये म्हणून तपशील बदलले आहेत.)

त्यांच्या सात वर्षांच्या मुलाला डीआयपीजी झाला होता, म्हणजे मेंदूच्या बुंध्यातली गाठ. आधी डोळा तिरळा झाला, म्हणून चष्मा लावला. मग चालताना तोल जाऊ लागला आणि एमआरआयमध्ये गाठ दिसली. रेडिएशननंतर काही महिने तो पुन्हा सायकल चालवत होता. वर्षाच्या आत गेला.

पुढे ताई मुंबई मॅरेथॉनमध्ये धावून संशोधनासाठी पैसे उभे करू लागल्या. ठरवलेला आकडा गाठला नाही की त्यांना झोप लागत नसे. सासूबाईंच्या बोलण्यापेक्षा मला या झोपेची काळजी वाटली. आकडा कमी पडला की मनात काय येतं, असं विचारलं तेव्हा त्या बराच वेळ गप्प राहिल्या. मग म्हणाल्या, "चष्म्याच्या नादात दोन महिने घालवले मी. आता हे तरी पुरं करायला नको?"

त्या दंड भरत होत्या, आणि असा दंड कधीच फिटत नाही.

माझ्या धीर देण्याने हे सुटणारं नव्हतं. मुलाच्या डॉक्टरांनाच विचारा, आणि नवऱ्यालाही बरोबर न्या, असं मी सुचवलं. डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलं: दोन महिने आधी कळलं असतं तरी शेवट बदलला नसता. ही गाठ निरोगी पेशींमध्ये इतकी मिसळलेली असते की कापून काढता येत नाही. मुलांच्या रक्ताच्या कॅन्सरवर १९४८ साली पहिल्यांदा एका औषधाचा तात्पुरता गुण दिसला. आज श्रीमंत देशांत त्यातल्या सर्वांत जास्त आढळणाऱ्या प्रकारात दहापैकी नऊ मुलं वाचतात. डीआयपीजीत तसं अजून काही घडलेलं नाही. त्यामागचा मुख्य जनुकीय बदल २०१२ मध्ये उलगडला, आणि त्या कामात मूल गेल्यावर काही पालकांनी संशोधनासाठी दिलेले गाठीचे नमुनेही होते.

ताई रडल्या. तेव्हा नवरा पहिल्यांदाच बोलला, "चष्म्याच्या दुकानात तर मीच नेलं होतं त्याला." दोघंही तोच अपराध वेगवेगळा वाहत होते, एकाच घरात.

निधी मागण्यात मला काहीही गैर दिसत नाही. मुलांचे कॅन्सर संख्येने थोडे, त्यामुळे औषध कंपन्यांना त्यात फारसा नफा दिसत नाही. पालकांनी जमवलेल्या पैशाला म्हणूनच मोल आहे. फक्त मुलाची गोष्ट किती सांगायची, हे आईबापांनीच ठरवावं. देणगी दिली म्हणून त्याचे शेवटचे दिवस ऐकण्याचा हक्क कुणाला मिळत नाही.

ताईंनी दवाखान्यातले फोटो काढून टाकले. सायकलवरचा एक ठेवला, तोही धाकट्या लेकीला विचारून. नवरा धावत नाही; हिशेब आणि पावत्या तो बघतो. यंदा त्यांनी आकडा ठरवलेला नाही. सासूबाई अजून नाराज आहेत, आणि त्यांची समजूत पटेपर्यंत थांबायचं नाही, हे नवराबायकोंनी मिळून ठरवलं आहे.