फ्लॅटमध्ये शॉर्टवेव्ह नीट लागत नाही, नुसती खरखर येते. काय करावं?

रेडिओ सेलवर चालवा, खिडकीशी आणा आणि वायरचा एक तुकडा अँटेना म्हणून बाहेर सोडा; बहुतेक घरांत एवढ्यानं फरक पडतो. स्लॅबमधल्या आणि भिंतींतल्या सळ्या लहरी अडवतात, पण त्याहून जास्त त्रास घरातल्याच वस्तू देतात: एलईडी दिवे, मोबाईलचे चार्जर, टीव्ही, राउटर, इन्व्हर्टर. खात्री करायची तर सेलवर रेडिओ लावून घरचा मेन स्विच पाच मिनिटं बंद करा. खरखर थांबली तर दोषी घरातच आहे. मग एकेक वस्तू लावत गेलं की तो सापडतो. माझ्याकडे एक साधा चार्जर निघाला. प्लगमधून काढला आणि ३१ मीटरच्या पट्ट्यावर (शॉर्टवेव्हचे पट्टे, म्हणजे बँड, असे मीटरमध्ये ओळखतात) नुसती घरघर होती तिथे माणसाचा आवाज ऐकू आला! फरक न पडल्यास गोंगाट शेजारून येतोय, तेव्हा बाहेरची वायर महत्त्वाची. प्लास्टिकच्या वेष्टनाची पाच-सात मीटर बारीक वायर घ्या, एक टोक सोलून चिमट्यानं रेडिओच्या अँटेनाच्या दांडीला लावा, बाकीची बाल्कनीतल्या कपड्यांच्या दोरीवरून न्या. लोखंडी ग्रिलला आणि विजेच्या तारांना ती लागू देऊ नका. वेळही पाहा: अंधार पडल्यावर ३१, ४१, ४९ मीटरचे पट्टे लावा, दुपारी १६ किंवा १९. मात्र वायर लांब तितकी चांगली असं नाही. स्वस्त रेडिओत जोरदार स्टेशनं एकमेकांवर चढतात, तसं झालं तर वायर आखूड करा. ढग गडगडायला लागले की वायर लगेच काढून ठेवा.