साडेतीन स्टार

प्रिय मुली,

तुझी यादी मिळाली. दिवाळीपासून पाहिलेले सगळे सिनेमे, प्रत्येकापुढे स्टार आणि त्यापुढे एकेक ओळ. खाली तुझा प्रश्न: ‘मावशी, ग्रुपवर टाकलं की भांडणं होतात. टाकत राहू की सोडून देऊ?’

टाकत राहा. सिनेमा बघून आल्यावर चार माणसांशी वाद घालता आला नाही तर तिकिटाचे निम्मे पैसे फुकट गेले, असं मी समजते. पण जे टाकतेस त्याबद्दल थोडं बोलायचंय. रागावू नकोस.

तुझ्या यादीत साडेतीन स्टारांचा नुसता सुकाळ आहे. भुताच्या सिनेमाला साडेतीन, लग्नाच्या सिनेमाला साडेतीन, आणि ‘मध्यंतरानंतर डोळा लागला’ असं ज्याच्यापुढे तूच लिहिलंयस त्यालाही साडेतीन! साडेतीन हा भित्रा आकडा आहे. कुणाचा चाहता अंगावर येत नाही, ‘तुला सिनेमातलं कळतं काय’ असं कुणी विचारत नाही, आणि मुख्य म्हणजे आपल्यालाही काही ठरवावं लागत नाही. अख्ख्या यादीत तू एकदाच धीट झालीस. ‘कोर्ट’ला दोन. ‘संथ. शेवट कळला नाही.’ मला तो सिनेमा फार मोठा वाटतो, तरीही तुझी हीच नोंद मला सगळ्यांत आवडली. इथे निदान बोलायला काहीतरी आहे.

तर बोलू. ‘संथ’ हा निकाल झाला, पुरावा कुठाय? मला काय दिसलं ते सांगते. दिग्दर्शक चैतन्य ताम्हाणेचा कॅमेरा कोर्टाच्या खोलीत एका जागी ठाण मांडून बसतो. वकील बोलतात, न्यायाधीश काय लिहून घ्यायचं ते सांगत राहतात, मागच्या बाकांवर पुढच्या खटल्यांची माणसं ताटकळलेली असतात. कॅमेरा कुणाच्या चेहऱ्याजवळ जाऊन ‘इथे बघा’ म्हणत नाही. मध्येच एका बाईचा खटला पुकारला जातो आणि तिने बिनबाह्यांचा कपडा घातलाय म्हणून साहेब पुढची तारीख देतात. कुणी आवाज चढवत नाही, व्हायोलिनं वाजत नाहीत. बघता बघता त्या बाकावर बसल्याचा कंटाळा आपल्यालाही येतो. आणि तो कंटाळा कुणाचा, तर गाणं म्हणून एका सफाई कामगाराला आत्महत्येला प्रवृत्त केल्याचा आरोप असलेल्या म्हाताऱ्या शाहीर नारायण कांबळेचा. तारीख आपल्यालाही पडत राहते.

शेवटाचं म्हणशील तर कोर्टाला उन्हाळ्याची सुट्टी लागते, खोली रिकामी होते, दिवे मालवले जातात, पडदा काळा होतो. लोक खुर्चीखालची पिशवी चाचपायला लागतात, आणि सिनेमा पुन्हा सुरू होतो. न्यायाधीश सहलीला निघालेत. तिथे साहेब बाकावर बसल्याबसल्या डुलकी घेतात, पोरं भोवती जमून एकदम ओरडतात, आणि दचकून उठलेले साहेब हाताला लागलेल्या एकाच्या थोबाडीत देतात. मग पुन्हा झोपतात. संपला सिनेमा. खटल्याचं पुढे काय झालं, ते कुणी सांगत नाही.

हे सगळं बघूनही तू दोनच स्टार देऊ शकतेस, माझी हरकत नाही. फक्त असं लिही: ‘कॅमेरा हलतच नाही, मला कोंडल्यासारखं झालं. निकाल सांगायचा सोडून न्यायाधीशाची डुलकी दाखवली, मला ही फसवणूक वाटली.’ हे वाचून एखादा म्हणेल, बरं झालं, मी जात नाही. दुसरा नेमका त्याच कारणासाठी शोधून बघेल. तुझं मत ज्याला पटणार नाही त्यालाही ते उपयोगी पडलं पाहिजे, एवढीच माझी अपेक्षा. ‘संथ, दोन स्टार’ या नोंदीचा तुझ्यासारखीच आवड असणाऱ्यांखेरीज कुणालाही उपयोग नाही.

याच जातीचं आणखी एक वाक्य तुझ्या यादीत वारंवार आलंय: ‘संकलन अजून घट्ट हवं होतं.’ वर्तमानपत्रांच्या शुक्रवार-शनिवारच्या परीक्षणांतून हे आपल्या सगळ्यांच्या तोंडी बसलंय. कात्री लावायची तर कुठे? कोणता प्रसंग गेला असता तर चाललं असतं? ते सांगता येत नसेल तर वाक्य खोडून टाक. ‘पार्श्वसंगीत साजेसं’ आणि ‘सहकलाकारांची उत्तम साथ’ हेही त्याच्याबरोबर जाऊ दे.

आता आकड्यांचं. तू ‘रॉटन टोमॅटोजवर ९६ टक्के, तरी मला नाही आवडला’ असं जरा अपराध्यासारखं लिहिलंयस. ती वेबसाइट समीक्षकांची मतं एकत्र करते, पण ते ९६ टक्के म्हणजे शंभरपैकी ९६ गुण नव्हेत. शंभर समीक्षकांपैकी ९६ जणांचं मत एकंदरीत अनुकूल पडलं, एवढाच त्याचा अर्थ. समज, दहा जणांनी ‘ठीक आहे, बघायला हरकत नाही’ म्हणून दहापैकी सहा-सहा दिले, आणि ती सगळी मतं अनुकूल धरली गेली, तर तो सिनेमा शंभर टक्के ठरतो. दुसऱ्या सिनेमावर सहा जण जीव ओवाळून टाकतात आणि चौघांना तो अजिबात सहन होत नाही, तर तो साठावर अडकतो. साठाच्या खाली गेला असता तर अनुकूलतेची खूण असलेला लाल टोमॅटोही गेला असता. मला विचारशील तर मी दुसऱ्या सिनेमाला जाईन. आयएमडीबी या सिनेमांच्या वेबसाइटचा आकडा वेगळा. तिथे एक ते दहा अशी प्रेक्षकांची मतं असतात, पण त्यांची सरळ सरासरी काढत नाहीत. काही मतांना वजन कमी, काहींना जास्त, आणि हिशेब नेमका कसा होतो ते मुद्दाम सांगत नाहीत, म्हणजे कुणी ठरवून मतांचा पाऊस पाडला तर त्याचा जोर कमी व्हावा. पहिल्या दिवशी मत द्यायला कोण धावतं, हेही लक्षात घे. एक तर भक्त, नाही तर वैरी. ज्यांना सिनेमा बरा वाटला ते रिक्षा शोधत असतात.

स्टार द्यायची पद्धत तशी जुनी. न्यूयॉर्कच्या ‘डेली न्यूज’मध्ये आयरीन थायरर या बाईंनी १९२८ साली ती सुरू केली, आणि तेव्हा जास्तीत जास्त स्टार तीनच होते. पण मला आवडते ती फ्रेंच मासिक ‘काय्ये द्यू सिनेमा’ची तऱ्हा. १९५० च्या दशकात त्यांनी एक तक्ता छापायला घेतला: उभ्या रांगेत सिनेमे, आडव्या रांगेत दहा समीक्षकांची नावं, आणि प्रत्येक चौकटीत खूण. काळा ठिपका म्हणजे ‘उगाच तसदी घेऊ नका’. एक तारा म्हणजे अगदीच वेळ असेल तर बघा, दोन म्हणजे बघा, तीन म्हणजे चुकवूच नका, चार म्हणजे श्रेष्ठ कृती. खुणेवरून कळायचं ते सिनेमाला जायचं की नाही. आणि खाली सरासरी नाही! एकाच सिनेमापुढे कुणाचे चार तारे, कुणाचा काळा ठिपका, शेजारीशेजारी. वाचकाने आपला माणूस शोधायचा.

आमच्या फिल्म सोसायटीत हाच तक्ता होता, फक्त तोंडी. पुण्याच्या राष्ट्रीय चित्रपट संग्रहालयातून सोळा मिलिमीटरच्या प्रिंटा यायच्या, शाळेच्या हॉलमध्ये पडदा लागायचा. प्रोजेक्टर एकच. रीळ संपलं की दिवे लागायचे, दुसरं चढवेपर्यंत पाच मिनिटं जायची, आणि भांडण तिथेच जुंपायचं. सिनेमा संपायची वाटसुद्धा कुणी बघायचं नाही. पोस्टातले एक गृहस्थ होते. त्यांना रडवणारा सिनेमा लागायचा. त्यांनी ‘रटाळ’ म्हटलं की तो मला आवडणार हे मी डोळे मिटून धरून चालायचे, आणि सहसा तसंच व्हायचं. वर्षानुवर्षं त्यांच्या नावडीवर मी सिनेमे निवडलेत. असा एक तरी माणूस तुझ्या ग्रुपमध्ये असेलच. त्याला ब्लॉक करू नकोस. ज्याची आवड तुझ्या नेमकी उलटी आणि ठाम, तो हजार जणांच्या सरासरीपेक्षा तुझ्या कामाचा.

लिहायची सवय कशी लावायची, ते विचारलंयस. संग्रहालय १९६४ मध्ये सुरू झालं, आणि ज्यांनी ते जिवाचं रान करून उभं केलं ते पी. के. नायर सिनेमा बघताना अंधारात वहीत टिपणं करायचे, जवळ छोटा टॉर्च. तू टॉर्च नेऊ नकोस, मोबाइल तर मुळीच काढू नकोस. घरी आल्यावर झोपायच्या आधी तीन-चार गोष्टी उतरव, डोळ्यांसमोर आहेत तेवढ्याच: कोण दारात उभं होतं, आवाज कुठून येत होता, कोणत्या वाक्याला थिएटर हसलं आणि तू हसली नाहीस. आकडा दुसऱ्या दिवशी. रात्री साडेअकराला दिलेले साडेचार सकाळी चहाच्या वेळी तीनवर आलेले असतात. ‘कुठे पाहिला’ हेही लिही. लोकलमध्ये उभ्याने, मोबाइलवर, दीडपट वेगाने पाहिलेल्या सिनेमाला संथ म्हणायचा हक्क नाही. बाकी काहीही म्हण.

मराठी सिनेमांकडे येते, कारण तिथे तुझा हात जरा सैल सुटलाय. यादीतल्या मराठी सिनेमांना सगळीकडे अर्धा-अर्धा स्टार जास्त आहे. मला कळतं का ते. ‘आपलाच सिनेमा आहे, मुलांनी कर्ज काढून केलाय, सांभाळून घ्या.’ पण हे म्हणजे घरच्या कार्यात जेवण कसं झालं असं विचारल्यासारखं झालं. सगळे ‘छान’ म्हणतात, आणि पुढच्या वेळी त्या आचाऱ्याला कुणी बोलवत नाही. सगळ्याच मराठी सिनेमांना चार मिळायला लागले की खरोखर चार मिळवणारा येतो तेव्हा लोक तुझ्यावर विश्वास ठेवत नाहीत. ‘कोर्ट’ला तू अर्ध्याची भर घातली नाहीस. तिथे भीड कुठे गेली होती? तोही मराठीच होता की! व्हेनिसला बक्षीस मिळालं, राष्ट्रीय पुरस्कार मिळाला, म्हणून त्याला तुझ्या मदतीची गरज नाही असं वाटलं असणार.

मदत करायचीच असेल तर दुसरीकडे कर. छोटा मराठी सिनेमा शुक्रवारी लागतो, त्याला सकाळी अकराचा नाही तर रात्री उशिराचा खेळ मिळतो, आणि पहिल्या तीन दिवसांच्या गल्ल्यावर पुढच्या आठवड्याचे खेळ ठरतात. मत बुधवारी टाकलंस तर लोक ‘अरे, कुठे लागलाय?’ विचारतात आणि तो उतरलेला असतो. म्हणून आवडला तर शनिवारी रात्रीच लिही, थिएटरचं नाव आणि खेळाची वेळ यांसकट. नाही आवडला तरी लिही, मोकळेपणाने लिही, पण ते सोमवारी लिहिलंस तरी चालेल. हा पक्षपात आहे, मला माहीत आहे. स्टार वाढवून देण्यापेक्षा बरा.

प्रीमियरचं बोलावणं अजून आलं नसेल, पण तुझे वाचक वाढले तर येईल. जा, वडे खा, नटांबरोबर फोटो काढ. फक्त लिहिताना ‘निमंत्रणावरून पाहिला’ एवढं वरच नोंद. बहुतेक जण ते लिहीत नाहीत आणि वाचणाऱ्याला ते तरीही समजतं.

राहिली भांडणं. गोष्ट फोडल्याबद्दल कुणी ओरडत असेल तर त्याचं बरोबर आहे. नवा सिनेमा असेल तर पहिल्याच ओळीत इशारा दे. (वर मी ‘कोर्ट’चा शेवट सांगितला तो तू पाहिलायस म्हणून.) कुणी ‘तो प्रसंग तसा नव्हता, नीट बघ’ म्हणत असेल तर त्याच्याशी रात्रभर भांड, अशीच माणसं पुढे मित्र होतात. ‘किती पैसे घेतले?’ किंवा ‘आधी स्वतः एक सिनेमा काढून दाखव’ असं म्हणणाऱ्याला उत्तर नाही. चाहते झुंडीने आले तर फोन उलटा ठेव आणि जेवून घे. पुढच्या शुक्रवारी त्यांना दुसरं कुणीतरी सापडतं.

यादीतले साडेतीनवाले पाच-सहा निवड आणि पुन्हा लिहून पाठव. स्टारांऐवजी त्या फ्रेंच तक्त्यातल्या पाच खुणा वापर आणि प्रत्येकाखाली एक प्रसंग, बघितला तसा. घाई नाही. आणि पिफची, म्हणजे पुण्याच्या आंतरराष्ट्रीय चित्रपट महोत्सवाची, नोंदणी सुरू झाली की माझीही करून टाक, ते ऑनलाइन फॉर्म माझ्याच्याने होत नाहीत. एखादा सिनेमा दोघी एकाच खेळाला बघू आणि आपापल्या घरी जाऊन लिहू, एकमेकींना न विचारता.

तुझी,
मावशी