वाशी ते बेलापूर आत्ताच आखा, पण गेमच्या बाहेर

प्रश्न थोडक्यात असा: सिटीज: स्कायलाइन्स या शहर बांधायच्या गेमचा पुढचा, म्हणजे तिसरा भाग आला की त्यात नवी मुंबईतलं वाशी ते बेलापूर बांधायचं आहे. तर आगाऊ नोंदणी करू का, पीसी आत्ताच घेऊ का, आणि तोवर पहिल्या गेममध्ये काय तयारी करून ठेवू?

पहिल्या दोन्हींना माझं उत्तर "नको" असं आहे. दुसरा भाग २४ ऑक्टोबर २०२३ ला आला. त्याच्या काही आठवडे आधी शिफारस केलेलं हार्डवेअर वाढवून आरटीएक्स ३०८० या महागड्या ग्राफिक्स कार्डापर्यंत नेलं होतं, म्हणजे जाहीर यादी वाचून आधीच पीसी घेतलेल्यांचा हिशोब चुकला. गेम आल्यावर कळलं की नागरिकांच्या मॉडेलमध्ये दातसुद्धा बारकाईने घडवलेत आणि दुरून दाखवायच्या हलक्या आवृत्त्याच नाहीत, त्यामुळे ग्राफिक्स कार्डावर विनाकारण भार. ट्रेलर बघून यातलं काहीच कळलं नसतं.

गेम आल्यावर स्टीम या ऑनलाइन दुकानातून घेतलात तर १४ दिवसांच्या आत आणि २ तासांपेक्षा कमी खेळून पैसे परत मागता येतात. ते २ तास नीट वापरा. कुणीतरी लाखाच्या वस्तीचं शहर शेअर केलेलं असेल, ते उघडा आणि सर्वांत वेगवान गतीवर ५ मिनिटं चालू द्या. मग रिझोल्यूशन निम्मं करा. चित्र झटकन सुरळीत झालं तर अडचण ग्राफिक्स कार्डाची. फरकच पडला नाही तर प्रोसेसर कमी पडतोय, तिथे सेटिंग उतरवून फारसं काही हाती लागणार नाही. पीसी घ्यायचा तो या चाचणीनंतर.

आता तयारी. पहिल्या गेममधलं सेव्ह दुसऱ्यात उघडत नाही, मॉड (खेळाडूंनी केलेले बदल) आणि स्टीमच्या वर्कशॉपमधून घेतलेल्या इमारतीही चालत नाहीत. म्हणून पुढच्या भागासाठी जे जपायचं ते गेमच्या बाहेर ठेवा: मीटरमधली उंची, खाडीचा काठ, रस्त्यांची मापं. पहिला गेम ही तालमीची जागा.

नकाशासाठी क्यूजीआयएस हा नकाशांचा प्रोग्रॅम पुरेसा आहे आणि फुकट आहे. एसआरटीएमचा, म्हणजे अंतराळयानातून रडारने मोजलेला, ३० मीटरचा उंची-डेटा घ्या आणि सर्वांत आधी तो यूटीएम ४३ उत्तर या, अंशांऐवजी मीटरमध्ये मोजणाऱ्या प्रक्षेपणात आणा. हे टाळलं की अंशांचा चौकोन तसाच ताणला जातो आणि आपल्या अक्षांशावर पूर्व-पश्चिम अंतर ५ टक्क्यांहून जास्त फुगतं. मग सेक्टरचे रस्ते उपग्रह चित्राशी कधीच जुळत नाहीत आणि दोष कुठे आहे तेही सापडत नाही.

मग नेरूळ मध्यभागी धरून १७.२८ किलोमीटरचा चौकोन कापा. पहिल्या गेमला १०८१ बाय १०८१ पिक्सेलचं, उंची राखाडी छटांत दाखवणारं चित्र लागतं, १ पिक्सेल म्हणजे १६ मीटर. त्यातले मधले ६०० पिक्सेल, म्हणजे ९.६ किलोमीटर, बांधायच्या जागेचे २५ चौकोन; मॉडशिवाय त्यातले ९च घेता येतात. वाशी आणि बेलापूर स्टेशन सरळ रेषेत ७ किलोमीटरच्या आत असल्याने दोन्ही त्यात बसतात. ऐरोलीचा हट्ट मात्र सोडा, ती या चौकोनाबाहेरच राहते. दुसऱ्या भागात खेळायचा नकाशा १४.३३६ किलोमीटरचा आणि चित्र ४०९६ पिक्सेलचं, म्हणजे पिक्सेलला ३.५ मीटर. तिसऱ्यात हे आकडे पुन्हा बदलू शकतात, म्हणून मूळ मीटरची फाइल वेगळी ठेवायची आणि दर वेळी तिच्यातूनच नवं चित्र काढायचं.

उंचीचं गणित सोपं आहे. पहिल्या गेममध्ये ० ते १०२४ मीटर उंची १६ बिटमध्ये बसते, म्हणजे १ मीटरला ६४ पायऱ्या. समुद्राची पातळी ४० मीटर. म्हणून क्यूजीआयएसच्या रास्टर कॅल्क्युलेटरमध्ये (उंची + ४०) × ६४. समुद्राची पातळी २५६० वर येते. चित्र १६ बिटमध्येच साठवा. ८ बिटमध्ये साठवलं की एकेक पायरी ४ मीटरची होते आणि पारसिकच्या डोंगराला भातखाचरासारख्या पायऱ्या पडतात. ही चूक सर्रास होते, कारण प्रतिमेच्या प्रोग्रॅममधून निर्यात करताना ८ बिटचा पर्याय सहज निवडला जातो.

खरा त्रास खाडीचा. एसआरटीएममध्ये पाण्याखालची खोली नसते, उंची पूर्ण मीटरमध्ये असते आणि रडारला खारफुटीचा शेंडा जमिनीसारखा दिसतो. त्यामुळे पाम बीच रस्त्याच्या पलीकडचा काठ खडबडीत येतो आणि गेममध्ये सेक्टरमध्ये डबकी साचतात. उपाय हाताने करायचा: खाडीचा बहुभुज काढून त्यात सरसकट उणे १५ मीटर भरा, म्हणजे १६०० ही किंमत. काठाच्या आत जी जमीन ४ मीटरच्या खाली आहे ती ४ वर आणा, म्हणजे २८१६. प्रत्यक्षात नवी मुंबई वसवणाऱ्या सिडकोने इथली कितीतरी जमीन भरतीरेषेच्या खाली राखली आणि भरतीच्या वेळी पावसाचं पाणी साठवायला धारण तलाव केले. पहिल्या गेममध्ये समुद्राची पातळी एकच असते, त्यामुळे ते तंत्र तिथे चालत नाही. तलाव हवेत तर रस्ते झाल्यावर शेवटी खणा. पुढच्या भागाकडून मला सर्वांत जास्त अपेक्षा आहे ती याचीच, कारण भरती-ओहोटी आणि पाऊस एकत्र आल्याशिवाय नवी मुंबई नवी मुंबई वाटणार नाही.

(एसआरटीएमचा डेटा फेब्रुवारी २००० चा आहे. विमानतळासाठी कापलेली उलव्याची टेकडी त्यात अजून उभी आहे. आजचं शहर हवं असेल तर तीही सपाट करा.)

रस्ते आखताना आधी गावठाणं काढा, मग सेक्टर. उलट केलंत तर चौकटी आधी बसतात आणि वाशीगाव नंतर कोंबावं लागतं. पाम बीचला झोनिंग (कडेला घरं-दुकानांसाठी जागा आखणं) लागू देऊ नका, दर सेक्टरला जोडही देऊ नका. मोठे रस्ते मिळाले की गेम आपोआप सिग्नल लावतो, ते ट्रॅफिक रूट्सच्या जंक्शन टॅबमधून काढता येतात. रांग एकाच लेनमध्ये लागते, कारण गाडी निघतानाच मार्ग ठरवते आणि पुढची कोंडी बघत नाही. आणखी एक लेन वाढवून ती रांग सुटत नाही, वळणं कमी करावी लागतात. टीटीसी या औद्योगिक पट्ट्यातले ट्रक ठाणे-बेलापूर रस्त्याने थेट महामार्गाला द्या आणि पाम बीचभोवती गेममध्ये आखलेल्या जिल्ह्यावर अवजड वाहनांच्या बंदीचं धोरण लावा.

एका वेळी एकच सेक्टर झोन करा. अख्खा नोड (वाशी, नेरूळसारखं एक उपनगर) एकदम भरला की सगळे एकाच वयाचे रहिवासी येतात, पुढे एकदमच मरतात, आणि शववाहिका त्यांना पुरी पडत नाही.

पहिल्या गेमच्या मर्यादाही लक्षात ठेवा. रस्त्यांचे तुकडे ३६,८६४, आणि त्यात पाण्याचे पाइपही मोजले जातात. झाडं २,६२,१४४, म्हणून दोन्ही काठांवर घनदाट खारफुटी लावायचा मोह आवरा. एका वेळी हिंडणारे नागरिक ६५,५३६ आणि गाड्या १६,३८४. त्यापुढे वस्ती कितीही वाढली तरी रस्त्यावरची गर्दी वाढत नाही. त्यामुळे पाच लाखांचं शहर करून पाम बीचची कोंडी तपासण्यात अर्थ नाही, वाशी आणि सानपाडा एवढाच भाग घेऊन ती तपासा. जुळलेल्या जंक्शनची मापं मीटरच्या फाइलशेजारी एका वहीत उतरवून ठेवा.