तुरुंगात नव्हे, तुरुंगांवर देखरेखीचे काम : एका आईच्या पत्राला उत्तर

पत्राचा सारांश : आम्ही ह्यूस्टनजवळ शुगरलँडला राहतो. आमची मुलगी इथेच जन्मली, वाढली आणि सध्या हंट्सव्हिलच्या सॅम ह्यूस्टन स्टेट युनिव्हर्सिटीत क्रिमिनल जस्टिसच्या तिसऱ्या वर्षाला आहे. एका अभ्यासप्रकल्पासाठी ती काउंटीचा (इथल्या जिल्ह्याचा) तुरुंग पाहून आली आणि तेव्हापासून तिने ठरवून टाकले आहे की तुरुंगांची तपासणी करणाऱ्या राज्याच्या कमिशनमध्ये नोकरी करायची. पुण्याला सासूबाईंना कळल्यावर त्या म्हणाल्या, ‘म्हणजे येरवड्यासारख्या ठिकाणी नोकरी?’ ही पोलिसातली नोकरी आहे का, ती सुरक्षित आहे का, तिला भविष्य आहे का, आणि त्यापेक्षा तिने लॉ स्कूलला जावे का, हे कृपया सांगावे.

सप्रेम नमस्कार.

आपल्या पहिल्या प्रश्नाचे उत्तर नकारार्थी आहे. ही पोलिसातली नोकरी नाही आणि एका अर्थाने तुरुंगातलीही नाही. आपल्या मुलीच्या मनात जी संस्था आहे ती टेक्सास कमिशन ऑन जेल स्टँडर्ड्स, आणि ही संस्था स्वतः एकही तुरुंग चालवत नाही. टेक्सासमध्ये काउंटीचा तुरुंग निवडून आलेला शेरीफ, म्हणजे काउंटीचा पोलीसप्रमुख, चालवतो, त्याच्या खर्चाला काउंटीचे कमिशनर्स कोर्ट (नाव कोर्ट असले तरी हे काउंटीचे कारभारी मंडळ) मंजुरी देते, आणि तिथे ठेवलेल्यांपैकी बहुसंख्य माणसांवरचा गुन्हा अद्याप सिद्ध झालेला नसतो. जामिनाचे पैसे नाहीत किंवा खटला उभा राहिलेला नाही म्हणून ती आत असतात. शिक्षा झालेल्यांची राज्य कारागृहे वेगळ्या खात्याकडे आहेत आणि ती या कमिशनच्या कक्षेत येत नाहीत. शहर पोलीस स्वतः चालवत असलेल्या कोठड्याही येत नाहीत, ही उणीव अनेकांना खटकते आणि मलाही खटकते. काउंटी तुरुंगांसाठी किमान मानके ठरवणे, नव्या इमारतींचे नकाशे तपासणे, नियमितपणे प्रत्यक्ष तपासणी करणे आणि कैद्यांच्या तक्रारींची दखल घेणे, एवढे या कमिशनचे काम आहे.

सासूबाईंना येरवडा आठवणे साहजिक आहे, परंतु तिथली रचना निराळी आहे. महाराष्ट्रात कारागृहे चालवणारे आणि त्यांच्यावर देखरेख ठेवणारे खाते मुख्यतः एकच, त्याचे मुख्यालय पुण्यात, आणि बाहेरची नजर म्हणून न्यायाधीश व अभ्यागत मंडळ. टेक्सासमध्ये चालवणारा स्थानिक आणि तपासणारा राज्याचा, अशी फोड १९७५ साली कायद्याने केली, कारण काउंटी तुरुंगांच्या दुरवस्थेबद्दल फेडरल न्यायालयांत दावे दाखल होऊ लागले होते आणि न्यायालयाने हुकूम काढण्यापेक्षा राज्यानेच नियम घालून द्यावेत, हे विधिमंडळाला सोयीचे वाटले. कमिशनवर गव्हर्नरने नेमलेले नऊ सदस्य असतात आणि त्यांत दोन विद्यमान शेरीफ असतात. ज्यांची तपासणी व्हायची त्यांच्यापैकीच दोघे तपासणाऱ्यांच्या पंक्तीला बसतात, यावर टीका होते. मात्र शेरीफ मंडळींनी मानके मान्य करण्यामागे हेही एक कारण आहे, असे माझे मत आहे.

आता या कामाचे खरे स्वरूप. मुलीने तुरुंग पाहिला तो पाहुणी म्हणून. तपासणी अधिकारी तोच तुरुंग कागदांतून पाहतो. दर ४८ कैद्यांमागे किमान एक रक्षक असावा, प्रत्येक कैद्याला तासातून एकदा रक्षकाने समोरासमोर पाहावे, आणि जो आत्महत्येचा विचार करत असण्याची शक्यता आहे किंवा मानसिक आजारी आहे त्याच्याकडे दर अर्ध्या तासाने जावे, असे नियम आहेत. हे पाळले गेले की नाही, हे नोंदवहीवरून ठरते. रात्रभराच्या फेऱ्या एकाच हस्ताक्षरात, एकाच शाईने, अगदी नेमक्या तासाच्या ठोक्याला नोंदवलेल्या दिसल्या, की अनुभवी अधिकाऱ्याला शंका येते आणि तो कॅमेऱ्याची किंवा कोठडीच्या दाराजवळच्या सेन्सरची नोंद मागवतो. त्याशिवाय दाखल करतानाचे आरोग्य व आत्महत्या-धोक्याचे फॉर्म, कैद्यांची वर्गवारी, रक्षकांच्या प्रशिक्षणाचे दाखले, आगीची सूचना देणारी यंत्रणा आणि वीज गेल्यावर चालणारा जनरेटर हेही पाहायचे, कैद्यांशी बोलायचे आणि शेवटी शेरीफसमोर बसून त्रुटी सांगायच्या. शेरीफ हा त्या काउंटीतला वजनदार राजकीय माणूस असतो. त्याच्याच कार्यालयात बसून, आवाज न चढवता आणि शब्द मागे न घेता ‘इथे नियम मोडला आहे’ असे सांगता येणे, ही या पदाची मुख्य पात्रता आहे. ती कोणत्याही पदवीत शिकवत नाहीत.

या कागदांचे मोल किती असते, याचे उदाहरण आपल्या घरापासून फार दूर नाही. १० जुलै २०१५ रोजी वॉलर काउंटीत सँड्रा ब्लँड या २८ वर्षांच्या तरुणीला वाहतुकीच्या किरकोळ कारणावरून अडवून अटक झाली आणि १३ जुलैला ती तिथल्या तुरुंगात मृतावस्थेत सापडली. दाखल करतानाच्या फॉर्मवर तिच्या पूर्वीच्या आत्महत्येच्या प्रयत्नाचा उल्लेख होता. कमिशनने त्या तुरुंगावर दोन ठपके ठेवले : तासाभराने समोरासमोर पाहण्याचा नियम पाळला गेला नव्हता आणि मानसिक आरोग्याच्या प्रशिक्षणाचे दाखले नव्हते. पुढे तो फॉर्मच बदलण्यात आला आणि २०१७ मध्ये तिच्या नावाने कायदा झाला. कैदी मानसिक आजारी असल्याची माहिती मिळाल्यास शेरीफने मॅजिस्ट्रेटला ७२ नव्हे तर १२ तासांत कळवावे, तुरुंगातील मृत्यूचा तपास त्या तुरुंगाबाहेरच्या यंत्रणेने करावा आणि फेऱ्यांची खातरजमा इलेक्ट्रॉनिक उपकरणाने व्हावी, या गोष्टी त्या कायद्याने आणल्या. मुलीने अजून वाचला नसेल तर हा कायदा तिने मुळातून वाचावा.

तथापि या कामाच्या मर्यादा तिने आधीच ओळखाव्यात, कारण याच ठिकाणी तरुण माणसे निराश होतात. नियम मोडलेल्या तुरुंगाला नोटीस जाते आणि त्याचे नाव संकेतस्थळावरच्या यादीत लागते. सुधारणा झाली नाही तर कमिशन आदेश काढू शकते, कैद्यांची संख्या कमी करायला किंवा त्यांना अन्यत्र हलवायला सांगू शकते आणि प्रसंगी राज्याच्या ॲटर्नी जनरलमार्फत न्यायालयातही जाऊ शकते. परंतु टोकाची पावले क्वचितच उचलली जातात, कारण तुरुंग बंद केला तर आतली माणसे न्यायची कुठे, हा प्रश्न उरतोच. आपल्याच भागातल्या हॅरिस काउंटीचा तुरुंग २०२२ मध्ये नियमबाह्य ठरला; नव्याने आणलेल्यांना तात्पुरत्या कोठडीत ४८ तासांपेक्षा जास्त ठेवले जात होते. दोष दाखवणे कमिशनला शक्य झाले, पण रक्षकांची भरती करणे किंवा न्यायालयात साचलेले खटले निकाली काढणे त्याच्या हातात नव्हते, आणि गर्दी कमी करण्यासाठी काउंटीला काही कैदी परराज्यांतल्या तुरुंगांत पाठवावे लागले. आपण लिहिलेला अहवाल बरोबर असूनही परिस्थिती तशीच राहते, हे ज्याला सहन होत नाही त्याने या वाटेला जाऊ नये.

आता नोकरीविषयी. ऑस्टिनमधले हे कार्यालय अगदी लहान आहे आणि सुमारे अडीचशे तुरुंगांसाठी तपासणी अधिकारी मोजकेच आहेत, त्यामुळे ‘पदवी मिळाली की तिथे रुजू होईन’ असा हिशेब तिने करू नये. तुरुंगाचा कारभार आतून पाहिलेल्या माणसाला अशा जागेसाठी स्वाभाविकच झुकते माप मिळते. म्हणून माझा सल्ला आपल्याला कदाचित रुचणार नाही, पण तो असा, की पदवीनंतर तिने एखाद्या काउंटीत वर्ष-दोन वर्षे जेलरचे, म्हणजे तुरुंगातल्या रक्षकाचे, काम करावे. त्यासाठी टेक्सास कमिशन ऑन लॉ एन्फोर्समेंटचा परवाना लागतो, तो पायाभूत प्रशिक्षणानंतर मिळतो आणि तिचे नागरिकत्व येथलेच असल्याने ती अडचणही नाही. सुरक्षिततेचा आपला प्रश्न खरा लागू पडतो तो या काळाला. हे काम दमवणारे आहे आणि त्यात धोका नाही असे मी म्हणणार नाही. ज्या तुरुंगात रक्षकांची कायम टंचाई आहे तो टाळावा, आणि ते ओळखण्यासाठी कमिशनचे प्रसिद्ध अहवालच उपयोगी पडतील. रात्रपाळीत स्वतः फेऱ्या मारलेल्या व्यक्तीला पुढे दुसऱ्याची नोंदवही वाचताना काय शोधायचे ते सांगावे लागत नाही.

तिला बिल्ला लावायचाच नसेल तर दुसरी वाटही चांगली आहे. ऑस्टिनच्या टेक्सास विद्यापीठातल्या एलबीजे स्कूल या सार्वजनिक धोरणाच्या विभागात तुरुंगांवरील देखरेखीचा खास अभ्यास करणारी प्रिझन अँड जेल इनोव्हेशन लॅब आहे, तिथे सार्वजनिक धोरणाची पदव्युत्तर पदवी घेता येईल. टेक्सास जेल प्रोजेक्टसारख्या स्वयंसेवी संस्था कैद्यांच्या कुटुंबीयांबरोबर काम करतात. आणि मोठ्या काउंट्यांमध्ये मानकांचे पालन सांभाळण्यासाठी शेरीफच्या कार्यालयातही माणसे लागतात. पगाराचे म्हणाल तर राज्याच्या पदांच्या वेतनश्रेणी स्टेट ऑडिटरचे कार्यालय जाहीर करते, त्या आपण स्वतः पाहाव्यात; खासगी वकिलीतल्या मिळकतीशी त्यांची बरोबरी होणार नाही.

राहिला लॉ स्कूलचा प्रश्न. कायद्याची पदवी या क्षेत्रात वाया जात नाही, परंतु केवळ नातेवाइकांना सांगायला सोपे जाते म्हणून कर्ज काढून तीन वर्षे घालवणे मला पटत नाही. कमिशनच्या तिमाही बैठका ऑस्टिनमध्ये होतात आणि त्या सर्वांना खुल्या असतात. पुढच्या बैठकीला तिने जावे, जमल्यास आपणही सोबत जावे. एखाद्या काउंटीचा शेरीफ नियमातून सवलत मागायला उभा राहील, सदस्य त्याला प्रश्न विचारतील आणि तपासणी अधिकारी आपले निष्कर्ष मांडतील. त्यानंतर घरी येताना तिला विचारावे, की त्या खोलीतल्या कोणत्या खुर्चीवर तिला बसायचे आहे. अधिकाऱ्याची असेल तर जेलरच्या परवान्याची चौकशी सुरू करावी; वकिलाची असेल तर एलसॅटची, म्हणजे लॉ स्कूलच्या प्रवेशपरीक्षेची, तयारी चौथ्या वर्षाच्या आधीच्या उन्हाळ्यात करता येईल.

आपला,
करिअर मार्गदर्शक